व्ह्यूफाइंडर निवडताना : देखण्या चित्रापेक्षा खरे चित्र महत्त्वाचे

विशेष प्रतिनिधी

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधू-वर एकमेकांच्या गळ्यात हार घालतात. हा प्रसंग टिपण्यासाठी कॅमेरामनच्या हाती जेमतेम काही सेकंद असतात. रात्री संगणकाच्या मोठ्या पडद्यावर चित्रीकरण पाहताना वधूच्या कानातली मोत्याची कुडी लख्ख दिसते. डोळे मात्र पुसट आलेले असतात. कॅमेरा चांगला, भिंग महागडे, प्रकाशही पुरेसा. मग चुकले कोठे? अनेकदा या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूस सापडते. ज्या छोट्या खिडकीतून कॅमेरामन ते दृश्य पाहत होता, त्या खिडकीने त्याला चूक दाखविलीच नाही.

ही खिडकी म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. कॅमेरा आणि भिंग यांच्या निवडीसाठी महिनोन् महिने चौकशी करणारे व्यावसायिक व्ह्यूफाइंडरची खरेदी मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत उरकतात. प्रत्यक्षात चौकट, फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण हे तिन्ही निर्णय याच उपकरणातून पाहून घेतले जातात. म्हणूनच ते निवडताना ‘चित्र किती सुंदर दिसते’ यापेक्षा ‘चित्र किती खरे दिसते’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

आरशाकडून पडद्याकडे

चित्रपटाच्या फिल्म कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर प्रकाशीय असे. जर्मनीच्या आरी कंपनीने १९३७ साली आणलेल्या आरिफ्लेक्स ३५ या कॅमेऱ्यात फिरत्या आरशाच्या योजनेमुळे भिंगातून येणारेच दृश्य छायालेखकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचू लागले. डोळ्याला दिसे तो प्रत्यक्ष प्रकाश; फिल्मवर नेमके काय उमटले हे प्रयोगशाळेतून फिल्म धुऊन आल्यावरच कळे.

व्हिडिओ कॅमेऱ्याने हे चित्र पालटले. सेन्सरने टिपलेल्या दृश्याचे विद्युत संकेतांत रूपांतर होते आणि तेच संकेत एका छोट्या पडद्यावर पुन्हा चित्ररूपात उमटतात. सोनीने १९८२ साली बीटाकॅम ही यंत्रणा आणली. त्या पिढीतील खांद्यावरच्या वृत्तचित्रण कॅमेऱ्यांना सुमारे दीड इंचाची कृष्णधवल चित्रनळी असे. योगायोग असा, की दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपणही भारतात १९८२ सालीच सुरू झाले. घराघरांत रंगीत चित्र पोहोचले तरी ते टिपणाऱ्याचा डोळा मात्र पुढेही बरीच वर्षे कृष्णधवल पडद्यालाच चिकटलेला राहिला.

यामागे केवळ काटकसर नव्हती. रंगीत चित्रनळीत लाल, हिरवा व निळा असे तीन रंग वेगळे ठेवण्यासाठी बारीक छिद्रांची जाळी लागते आणि एवढ्या लहान नळीत ती तपशील गिळून टाकते. कृष्णधवल नळीत असा अडथळा नसल्याने चित्राच्या कडा धारदार दिसत आणि फोकस अचूक साधे. जुने कॅमेरामन आजही त्या नळीची आठवण काढतात, त्याचे कारण हेच.

पुढचा टप्पा २००८ साली आला. निकॉनचा डी९० आणि कॅननचा ५डी मार्क २ या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओची सोय आली. मात्र व्हिडिओ सुरू करताच आतील आरसा वर उचलला जाई आणि प्रकाशीय व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर पडे. उरे तो फक्त मागचा पडदा. तोही उन्हात दिसत नसे. ही अडचण ओळखून झाकुटो, सिनेरॉइड, आल्फाट्रॉन अशा कंपन्यांनी कोणत्याही कॅमेऱ्याला वरून जोडता येणारे स्वतंत्र व्ह्यूफाइंडर बाजारात आणले. आज ग्राहकासमोर दोन वाटा दिसतात, त्या तेव्हापासूनच्या. एक, कॅमेरा कंपनीचा स्वतःचा व्ह्यूफाइंडर. दुसरी, स्वतंत्रपणे जोडायचा व्ह्यूफाइंडर.

‘डॉट’चे गणित

माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो ‘डॉट’चा. येथेच अनेकांची गल्लत होते. रंगीत पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदू म्हणजे पिक्सेल हा सामान्यतः लाल, हिरवा व निळा अशा तीन ठिपक्यांचा बनलेला असतो. काही कंपन्या पिक्सेल मोजतात, तर काही हे ठिपके मोजतात. त्यामुळे २३.६ लाख डॉट असे लिहिलेला पडदा प्रत्यक्षात १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचा असतो. ३६.८ लाख डॉट म्हणजे १२८० गुणिले ९६०. याउलट १९२० गुणिले १०८० अशा पूर्ण एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. तेच डॉटमध्ये सांगायचे तर आकडा ६२ लाखांच्या पुढे जातो. तुलना करताना दोन्ही आकडे पिक्सेलमध्ये आणणे हाच सोपा मार्ग होय.

आता हे गणित कॅमेऱ्याशी ताडून पाहावे. ४के चित्र ३८४० गुणिले २१६० पिक्सेलचे असते. ते १२८० गुणिले ७२० पिक्सेलच्या पडद्यावर दाखविताना मूळचे नऊ पिक्सेल एका पिक्सेलमध्ये कोंबावे लागतात. पूर्ण एचडी पडद्यावरही चारांचा एक होतो. या आकुंचनात बारीकशी पुसटता झाकली जाते आणि फोकस चुकलेले चित्रही व्ह्यूफाइंडरमध्ये लख्ख भासते. म्हणून निव्वळ पडद्याच्या आकड्यावर भिस्त न ठेवता, एका बटणावर चित्राचा मधला भाग मोठा करून दाखविण्याची सोय आहे का, ते बटण कॅमेरा हातात असताना बोटाला सहज सापडते का आणि चित्रीकरण चालू असतानाही ते काम करते का, हे तपासावे.

फोकसची कसोटी आता अधिक कठीण झाली आहे, हेही लक्षात घ्यावे. वृत्तचित्रणाच्या पारंपरिक कॅमेऱ्यातील दोन-तृतीयांश इंची सेन्सर सुमारे ९.६ मिलिमीटर रुंदीचा असतो. त्यामुळे दृश्यातील बराच मोठा भाग एकाच वेळी स्पष्ट दिसतो. आजच्या फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. अशा कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरचे भिंग एफ/१.८ वर उघडून दोन मीटरवरील चेहरा टिपला, तर प्रचलित हिशेबाप्रमाणे स्पष्टतेची खोली अवघी सहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. डोळा आणि कान यांतील अंतर त्याहून अधिक असते. वधूच्या कुडीचे रहस्य हेच.

पीकिंग : मदतनीस, पण डोळस

फोकसमध्ये आलेल्या कडांवर रंगीत रेघ दाखविणारी ‘पीकिंग’ ही सोय आता बहुतेक सर्व व्ह्यूफाइंडरमध्ये असते. तिची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. पीकिंगला फोकस कळत नाही. तिला कळतो तो शेजारशेजारच्या पिक्सेलमधील फरक. पैठणीच्या काठावरील जर, दागिन्यांची चमक, मांडवाच्या झिरमिळ्या यांच्या कडा मुळातच इतक्या ठसठशीत असतात, की फोकस थोडा हुकला तरी त्या रंगतात. गालावरची मऊ छटा मात्र अचूक फोकसमध्ये असूनही कोरी राहते. कमी प्रकाशात चित्रात येणाऱ्या दाण्यांवरही पीकिंग फसते.

म्हणून पीकिंगची तीव्रता कमी-जास्त करता येणे आवश्यक आहे. तिचा रंग बदलता येणे तितकेच गरजेचे. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळलेला असताना लाल पीकिंग दिसणार कशी? तेथे निळा किंवा हिरवा रंग निवडावा. उत्तम व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र तात्पुरते कृष्णधवल करून त्यावर रंगीत पीकिंग दाखविण्याची सोय असते. जुन्या चित्रनळीचा धडा नव्या पडद्यावर असा उपयोगी पडतो.

पडदा कोणत्या जातीचा?

सध्या तीन प्रकारचे पडदे आढळतात. एलसीडी पडद्यामागे प्रकाश सतत जळत असतो. त्यामुळे काळा रंग किंचित करडा दिसतो, मात्र हे तंत्र तुलनेने स्वस्त पडते. ओएलईडी पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. काळा रंग गडद, रंग भरीव आणि हालचाल स्वच्छ दिसते. सोनीचा डीव्हीएफ-ईएल२०० किंवा ब्लॅकमॅजिकचा उर्सा व्ह्यूफाइंडर हे पूर्ण एचडी ओएलईडी पडद्याचे व्ह्यूफाइंडर होत. तिसरा प्रकार एलकॉस जातीचा. २०१० साली आलेल्या आरीच्या अलेक्सा कॅमेऱ्याच्या ईव्हीएफ-१ मध्ये याच कुळातील पडदा होता. त्यात लाल, हिरवे व निळे चित्र एकापाठोपाठ एक अतिशय वेगाने दाखविले जाते. ठिपक्यांची जाळी दिसत नसल्याने चित्र अखंड भासते. परंतु डोळा झटकन इकडून तिकडे वळला, की काहींना कडांवर इंद्रधनुष्यासारखी झाक जाणवते. सर्वांनाच ती त्रासदायक होते असे नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या शिफारशीपेक्षा स्वतःच्या डोळ्याचा कौल घेणे बरे.

ओएलईडीचीही एक दुसरी बाजू आहे. एकच चिन्ह वा आकडा पडद्यावर तासन् तास एकाच जागी राहिला, तर त्याचा पुसट ठसा कायमचा उमटू शकतो. वापरलेला व्ह्यूफाइंडर घेणाऱ्याने कॅमेरा पांढऱ्या व नंतर करड्या कागदावर रोखून, भिंग मुद्दाम अस्पष्ट करून पडदा पाहावा. डाग, ठसे व मेलेले बिंदू लगेच दिसून येतात.

उजळपणाचा चकवा

व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उजळ दिसते म्हणून ते उजळ टिपले जाईलच असे नाही. मनुष्याची बाहुली भोवतालच्या प्रकाशानुसार लहान-मोठी होते. भर दुपारी उन्हातून येऊन नेत्रिकेला डोळा लावणाऱ्याला पडदा काळपट वाटतो. तो भिंगाचे छिद्र अधिक उघडतो आणि चित्र जळते. अंधाऱ्या नाट्यगृहात तोच पडदा झगझगीत वाटतो, छिद्र मिटले जाते आणि रंगमंचावरचे चेहरे काळोखात बुडतात. पडद्याचा उजळपणा वाढविल्याने या चकव्यातून सुटका होत नाही. उलट तो वाढतो.

सुटका होते ती मोजमापाने. ठरावीक पातळीच्या वर गेलेल्या भागावर तिरके पट्टे दाखविणारी ‘झेब्रा’, पातळीनुसार कृत्रिम रंग दाखविणारी ‘फॉल्स कलर’ आणि प्रकाशाचा आलेख काढणारी ‘वेव्हफॉर्म’ या तीन सोयींपैकी किमान दोन तरी व्ह्यूफाइंडरमध्ये असाव्यात. झेब्राच्या दोन पातळ्या स्वतंत्रपणे ठरविता आल्यास उत्तम. पूर्वापार चालत आलेली ७० टक्क्यांची पातळी गोऱ्या त्वचेवरील उजळ भागासाठी रूढ झाली. सावळ्या चेहऱ्यावर तिचाच आग्रह धरला तर चेहरा नाहक पांढुरका होतो.

लॉग पद्धतीने चित्रीकरण करणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. या पद्धतीत चित्र मुद्दाम फिके नोंदले जाते आणि नेहमीसारखे दिसावे म्हणून त्यावर ‘लट’ नावाची रूपांतर-सारणी चढविली जाते. व्ह्यूफाइंडरची झेब्रा मूळ चित्र मोजते की सारणी चढविलेले, याचे उत्तर उपकरणागणिक बदलते. ते ठाऊक नसेल तर मोजमापही दिशाभूल करते.

विलंब मोजावा

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र तयार होण्यास काही क्षण लागतातच. सेकंदाला २५ फ्रेम या भारतातील प्रचलित गतीत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन फ्रेमचा विलंब झाला तर ८० मिलिसेकंद. मुलाखतीत हा विलंब जाणवणारही नाही. परंतु ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला क्रिकेटचा चेंडू तेवढ्या वेळात सुमारे तीन मीटर पुढे गेलेला असतो. क्रीडास्पर्धा, नृत्य किंवा मिरवणुका टिपणाऱ्यांनी विलंबाचा आकडा विक्रेत्याला आवर्जून विचारावा. कॅमेऱ्याला थेट जोडलेल्या कंपनीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हा विलंब सामान्यतः कमी असतो. बाहेरून तार जोडून चित्र नेताना वाटेत प्रक्रियेचे टप्पे वाढतात.

चष्मा, चाळिशी आणि नेत्रिका

नेत्रिका म्हणजे आयपीस. तिच्यावरील डायऑप्टरची चकती फिरवून चष्म्याच्या नंबराची भरपाई करता येते. ही चकती समोरच्या दृश्याकडे पाहून कधीही जुळवू नये. पडद्यावर उमटणारी अक्षरे व आकडे सर्वाधिक रेखीव दिसतील तेथे ती थांबवावी. कारण अक्षरांचा भिंगाच्या फोकसशी काहीही संबंध नसतो. डायऑप्टरने साधा नंबर भागतो, सिलिंडरचा नंबर भागत नाही. तसा नंबर असलेल्यांना चष्मा लावूनच पाहावे लागते. त्यांनी डोळा थोडा दूर ठेवूनही चौकटीचे चारही कोपरे दिसतात का, हे पाहणे आवश्यक आहे.

चाळिशी लागलेल्या कॅमेरामनला तर उघड्या मॉनिटरपेक्षा नेत्रिका अधिक सोयीची ठरते. हातभर अंतरावरचा पाच इंची पडदा वाचण्यासाठी त्याला चष्मा लागतो आणि समोरचा जमाव पाहण्यासाठी तो काढावा लागतो. शिवाय कॅमेरा चेहऱ्याला टेकला, की त्याला आधाराचा आणखी एक बिंदू मिळतो आणि हातातले चित्र स्थिर राहते. उलटपक्षी ट्रायपॉडवर, क्रेनवर किंवा कमरेच्या उंचीवरून काम करणाऱ्याला मॉनिटरच योग्य. दोन्ही तऱ्हेची कामे असतील, तर उघडून पडद्यासारखी व मिटून नेत्रिकेसारखी वापरता येणारी रचना पाहावी.

जोडणी आणि वीज

कंपनीच्या स्वतःच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र, वीज व नियंत्रण एकाच तारेतून जाते. गुंता कमी होतो. पण तो व्ह्यूफाइंडर त्याच कंपनीच्या ठरावीक कॅमेऱ्यांपुरता मर्यादित राहतो. कॅमेरा बदलला की तोही बदलावा लागण्याची शक्यता असते. स्वतंत्र व्ह्यूफाइंडर कोणत्याही कॅमेऱ्यावर चालतो. मात्र त्याला वेगळी बॅटरी किंवा मुख्य बॅटरीवरून वीज द्यावी लागते.

चित्राच्या तारेसाठी एसडीआय आणि एचडीएमआय हे दोन पर्याय असतात. एसडीआयचा बीएनसी जोड फिरवून पक्का बसतो. एचडीएमआयचा, त्यातही मायक्रो आकाराचा जोड गर्दीत धक्का लागताच निसटतो. तो पकडून ठेवणारी चिमटी घेणे हा किरकोळ खर्च मोठे नुकसान टाळतो. एसडीआय वापरताना क्रम पाळावा. आधी व्ह्यूफाइंडरला वीज जोडावी, मग चित्राची तार. काढताना आधी चित्राची तार, मग वीज. क्रम उलटला तर विजेचा प्रवाह चित्राच्या तारेतून वाट शोधतो आणि कॅमेऱ्याचा जोड कायमचा निकामी होऊ शकतो.

उन्हाचा डाग

आपल्याकडील हवामानात एक धोका विशेष आहे. नेत्रिकेतील भिंग उलट्या दिशेनेही काम करते. लहान मुले भिंगाने कागद जाळतात तसाच नेत्रिकेतून शिरलेला सूर्यप्रकाश आतील पडद्यावर एकवटतो आणि थोड्याच वेळात तेथे कायमचा डाग पडतो. दोन दृश्यांच्या मधल्या विश्रांतीत कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि नेत्रिका आकाशाकडे राहिली, एवढे निमित्तही पुरते. वारीच्या वाटेवर किंवा शेतातील चित्रीकरणात ही चूक हमखास घडते. डोळा दूर होताच नेत्रिकेवर झाकण घालणे किंवा तोंड खाली वळविणे, ही सवय लावून घ्यावी. असे नुकसान हमीपत्रात बसते का, हे खरेदीच्या वेळीच विचारलेले बरे. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यावर नेत्रिकेवर वाफ धरते. काम सुरू होण्याच्या थोडे आधी कॅमेरा बाहेरच्या हवेत आणून ठेवावा.

खरेदीपूर्वी हे करून पाहा

* स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःचे भिंग घेऊनच दुकानात जावे. दुकानातील कॅमेऱ्यावर दिसणारे चित्र निर्णयासाठी पुरेसे नाही.
* वर्तमानपत्राचे पान तीन मीटरवर टांगावे. भिंग पूर्ण उघडून, प्रत्येक वेळी फोकस बिघडवून, दहा वेळा नव्याने फोकस साधावा व चित्रीकरण करावे. नंतर मोठ्या पडद्यावर किती वेळा अक्षरे स्वच्छ आली ते मोजावे. व्ह्यूफाइंडरची खरी गुणवत्ता या आकड्यात आहे.
* खिडकीच्या गजांवरून कॅमेरा झटकन फिरवून पाहावा. रंगांची झाक किंवा धक्के जाणवतात का, याकडे लक्ष द्यावे.
* मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करून कॅमेरा त्यावर रोखावा. दुसऱ्या मोबाइलने स्टॉपवॉच व व्ह्यूफाइंडरचा पडदा यांचे एकत्र छायाचित्र घ्यावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे ढोबळमानाने विलंब.
* दुपारच्या उन्हात व अंधाऱ्या खोलीत, दोन्हीकडे किमान पंधरा मिनिटे सलग पाहावे. डोळा शिणतो का, आयकप घामाने घसरतो का, हे त्याशिवाय कळत नाही.
* दुरुस्ती कोठे होते, आयकप व तारा सुट्या मिळतात का, याची चौकशी करावी.

शक्य असल्यास खरेदीपूर्वी तोच व्ह्यूफाइंडर एक-दोन दिवस भाड्याने घेऊन प्रत्यक्ष कामावर वापरावा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चित्रीकरणाची उपकरणे भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत. चार पैसे अधिक जातील. परंतु कर्ज काढून कॅमेरा घेतलेल्या तरुणाला चुकीच्या खरेदीपेक्षा ते स्वस्तच पडतील.

चित्रीकरण पाहणाऱ्याला व्ह्यूफाइंडर कधीच दिसत नाही. तो कोणत्या कंपनीचा होता, किती डॉटचा होता, हे कोणी विचारतही नाही. लग्नाची फीत वीस वर्षांनी पुन्हा लावली जाते, तेव्हा घरच्यांना पाहायचे असतात ते डोळे. अंतरपाट दुसऱ्यांदा धरला जात नाही. म्हणून फोकस चुकत असेल तर ते त्याच क्षणी, तोंडावर सांगणारा व्ह्यूफाइंडर घ्यावा. त्यातले चित्र थोडे रूक्ष दिसले तरी चालेल.